उशाच्या विटा

नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, "झोपल्यावर आंबट पाणी घशाशी येतंय ना? मग पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच करा." मी त्याच दिवशी समोरच्या बांधकामावरून विटा मागून आणल्या आणि उशाकडच्या दोन्ही पायांखाली सरकवल्या. ह्यांची जळजळ थांबली. मी मात्र रोज घसरत घसरत पायथ्याच्या फळीला जाऊन टेकते. तरी कधी चकार शब्द काढला नाही. जेवणही ह्यांच्यासारखंच, सातच्या आत आणि बिनतिखट. दोन माणसांसाठी दोन भाज्या कोण करत बसणार?

आज माझी कंबर धरली, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. "उतारावर झोपणं आजपासून बंद," त्यांनी बजावलं. "सपाट आणि कडक जागा हवी." हे अगदी मन लावून ऐकत होते.

घरी आल्या आल्या हे थेट पलंगापाशी गेले. स्वतःचा पडलेला रुमालही न उचलणारा हा माणूस, चक्क गुडघे टेकून पलंगाखाली वाकला. माझे तर डोळेच भरून आले.

"अहो, वाकू नका, घशाशी येईल. विटा मी काढते."

"विटा कशाला काढतेस?" पलंगाखालून जुनी चटई ओढत हे म्हणाले. "सपाट आणि कडक म्हणजे फरशीच की!"

 

मग छातीवर हात ठेवून उठले आणि चटई माझ्या हातात दिली. "घे, तूच अंथर. वाकलं की मला जळजळतं."