गाळलेलं पान

या, बसा जवळ, एक गोष्ट सांगतो. पण ऐकून हसायचं नाही. वाचनालयातली मावशी पोरांना जगातले मोठमोठे डोंगर, ज्वालामुखी पुस्तकातून दाखवायची. एका बर्फाच्या डोंगराचं पान मात्र हटकून गाळायची. तिचा नवरा त्याच डोंगरावर चढायला गेला, तो गेलाच.

"मावशी, चिटिंग करू नका हं!" एक चिमुरडी म्हणाली. "ते पान मी चोरून बघते. त्यातले काका रोज थोडे थोडे खाली उतरतायत."

"गप गं, चित्रातली माणसं कुठं चालतात होय?" म्हणत मावशीनं पान उघडलं. डोंगरावर कुणीच नव्हतं. बर्फात नुसती पावलं होती, पानाच्या खालच्या कडेपर्यंत उतरलेली.



मावशी कुणाला भेटली तर एवढं सांगा हो, आज दाराला कडी घालू नको म्हणावं.