मास्तरांची बरणी

निजामाविरुद्ध बोलले म्हणून आमच्या मालकांना, बेंबळीच्या ईरण्णा मास्तरांना, तुरुंगात नेलं. मागं राहिली त्यांची काचेची बरणी. तिच्यात बारवेच्या दगडांवर वाढणारा हिरवा स्पंज होता, जिवंत.

झडतीला आलेल्या जमादारानं बरणीत हात घातला आणि तो स्पंज मुठीत चिरडला. त्याची करंगळी वाकडी होती. बोटांच्या फटींतनं लगदा पाण्यात सांडला.

"खतम," तो म्हणाला.

"खतम न्हाय," म्या म्हणलं. "मास्तर तर माझ्या पाणी गाळायच्या फडक्यातनं तो पिळायचे. पेशी न् पेशी सुटी व्हायची. मग कातडीच्या पेशी बाहेर सरकायच्या, पाणी ओढणाऱ्या आत जायच्या. ज्याची जागा त्याला ठाऊक असते. पुन्हा आख्खा जीव उभा राहायचा."

तो हसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लगदा जमू लागला. पण त्याचा स्पंज झाला न्हाय. करंगळी झाली, नखासकट, वाकडी. मग तिच्या शेजारचं बोट.

पुढच्या बाजाराला जमादार परत आला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, बोटांच्या जागी सपाट, त्यातनं हिरवं पाणी ठिबकत होतं.

"बाई, ती बरणी बारवेत ओता," तो हळूच म्हणाला.

"तुम्हीच ओता की."

त्यानं हात पाठीमागं लपवला.

"आधी मास्तरांना सोडा," म्या म्हणलं.

बरणीत चार बोटं मिटत होती, उघडत होती. म्या त्याच्यापुढं पाट सरकवला.

"बसा, जमादारसाहेब. अजून अंगठा यायचाय."