खिडकीवरचा कागद

स्टुलावर उभं राहून तवनाप्पांनी उंच खिडकीवरचा कागद ओल्या फडक्याने भिजवला आणि पात्याने खरवडायला घेतला. सव्वीस वर्षांपूर्वी खळीने चिकटवलेला कागद सुटता सुटेना.

"आप्पा, टेम्पो चारला येतोय," मुलगा श्रेयांस दारातून म्हणाला. "भंगारवाला माग नेणार, काचा न्हाईत."

बेळगावच्या वडगावातल्या या गल्लीत जुना यंत्रमाग आता एकच उरला होता, तवनाप्पांचा. त्याला त्यांनी सायकलची घंटी आणि एक स्प्रिंग बसवून जोडणी केली होती. आडवं सूत घेऊन पळणाऱ्या धोट्यातल्या कांडीवरचा धागा संपत आला, की घंटी वाजायची आणि माग आपोआप थांबायचा. कापडात रेघ पडायची नाही. जोडणी कुणी पाहिली नव्हती. क्रॉम्प्टन नावाच्या इंग्रज कारागिराने सूत कातायचं यंत्र केलं, तेव्हा लोक शिड्या लावून त्याच्या खिडकीतून डोकावले. पुढे यंत्र सगळ्यांचं झालं, गिरण्या दुसऱ्यांच्या उभ्या राहिल्या, तो होता तिथेच राहिला. तवनाप्पांनी हे वाचनालयातल्या एका पुस्तकात वाचलं आणि त्याच संध्याकाळी कागद लावला.

आता गल्लीत बिनधोट्याचे माग आले होते. त्यांना कांडीच नसते. चारच्या आत ती जोडणी कुणीतरी एकाने बघावी, एवढंच त्यांना हवं होतं.

"तू तरी बघ."

"लहानपणी बघायला आलतो, तवा कान पिरगाळला हुता तुम्ही."

"आत्ता बघ की."

श्रेयांसचा फोन वाजला. बोलत बोलत तो रस्त्यावर गेला.

समोरचा रवळू जेवून हात पुसत बाहेर आला होता. तवनाप्पा उतरून दाराशी आले.

"रवळू, खरं सांग. या खिडकीला शिडी लावून कधी बघितलंस काय रं?"

"ते कशाला?"

"आत मी काय करतोय ते बघायला."

रवळू ओशाळला. "न्हाय ओ, अण्णा. आमास्नी वाटायचं, तिथं तुमचं देवघर हाय."

"घंटी ऐकू यायची न्हवं?"

"म्हणून तर."

तवनाप्पा दारातून बाजूला झाले. मग म्हणाले, "ये, दावतो."

"माग चालू ठेवून आलोय, अण्णा. उद्या येतो."

तो गेला. तवनाप्पांनी आत जाऊन संपत आलेली एक कांडी धोट्यात घातली आणि माग सुरू केला. मग कोपऱ्यातली शिडी उचलली, बाहेर नेली, भिंतीला टेकवली. एकेक पायरी चढायला वेळ लागला.

काच अर्धीच स्वच्छ झाली होती. त्यातून त्यांनी डोकावून पाहिलं. आत कुणी नव्हतं. धोटा इकडून तिकडे पळत होता. कांडीवर धाग्याचे दोन-चार फेरे उरले.

घंटी वाजली. माग थांबला.

मागे टेम्पो येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने मान वर करून विचारलं, "ओ आजोबा, काय हाय ओ आत?"

तवनाप्पांचा पंजा आपोआप काचेवर गेला.