कंट्रोलचा पिंजरा

“दुबळ्याच्या ताटात आदी वाढावं,” असं सासूबाई सांगायच्या. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी रंगूबाईंच्या कानात ते रोज वाजायचं. आत्ता मात्र कानावर येत होता डॉक्टर ब्राह्मीचा हुंदका.

माधवनगरजवळच्या प्रयोगशाळेत रंगूबाई प्राण्यांचं खाणंपिणं बघायच्या. प्राणी म्हणजे हॅमस्टर, उंदराचे गुबगुबीत भाऊबंद. एका पिंजऱ्यातल्यांना लसीच्या नव्या बूस्टरचं इंजेक्शन दिलं होतं, दुसऱ्यातल्यांना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांच्या नाकात विषाणूच्या नव्या अवताराचा थेंब सोडला. बिनबूस्टरचे आजारी पडून वाळतील, बूस्टरचे तग धरतील, अशी ब्राह्मीची खात्री होती.

वजनकाटा उलटंच सांगत होता. बूस्टरवाले होते तेवढेच राहिले होते. बिनबूस्टरचे मात्र लग्नघरच्या पाहुण्यांसारखे सुटले होते. शुक्रवारी पुण्याचे साहेब येणार, हे आकडे बघणार आणि तीन वर्षांचं काम बंद करणार, हे ब्राह्मीनं कसंबसं सांगितलं.

रंगूबाईंचा जीव कळवळला. इंजेक्शनला बोल लावू नका, म्हणाल्या.

“आवं बाई, पिंजऱ्यावर तुमीच लिवलंय न्हवं, ‘कंट्रोल’ म्हणून? कंट्रोलच्या धान्यावर कुणाचं अंग भरलंय? मी रोज मूठभर शेंगदाणं घालती, तवा कुठं बाळसं धरलंय.”

ब्राह्मीनं पिंजऱ्यावरची चिठ्ठी पुन्हा वाचली. रेशनच्या दुकानाला तिची आजीही कंट्रोलच म्हणायची. मग ती इतकी हसली की मास्क ओला झाला. बूस्टर हरलंच नव्हतं. शेंगदाणे जिंकले होते.

तिनं पुण्याला फोन करून खरं ते सांगितलं. पलीकडे साहेब बराच वेळ खोकल्यासारखं काहीतरी करत होते. शेवटी प्रयोग पुन्हा करा म्हणाले, पण ही शेवटची संधी.

ब्राह्मीनं रंगूबाईंचा हात धरला.

“मावशी, वचन द्या. आता दुजाभाव नाही. दोन्ही पिंजऱ्यांना अगदी सारखं.”

रंगूबाईंनी महादेवाची शपथ घेतली. वार सोमवार, तोंडात पाण्याचा थेंब नाही. खोटं बोलायची सोयच नव्हती.

नवे हॅमस्टर आले त्या दिवशी रंगूबाई पहाटेच उठल्या. आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. मग चुलीवर शेंगदाणे भाजले, या खेपेला दुप्पट, आणि गपचूप कामाला निघाल्या.