पासपोर्टाचा भाव

द्वारका चौकातल्या सायबर कॅफेत संगणकाच्या पडद्यावर एकदाचा तिरंगा फडकला आणि सुवर्णाचा जीव भांड्यात पडला. एमएस-सीआयटी केलेली सून म्हणून घरात तिचा जो काही रुबाब होता, तो आज पणाला लागला होता. शेजारच्या स्टुलावर तिची सासू कलाबाई बसली होती. पहाटे फूलबाजारात झेंडू विकून बाई तशीच इकडे आली होती. मांडीवर कागदांची पिशवी, आणि तिच्यावर दोन्ही हात.

कलाबाईला पासपोर्ट हवा होता आणि तो लवकर हवा होता. तिची लेक छाया मस्कतला होती, सहावा महिना चालू. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी छायाला विमानात बसायला मनाई केली होती. मग आता माहेरालाच मस्कतला जाणं भाग होतं. छाया रोज फोनवर एकच विचारायची, "आई, येशील ना?" कलाबाई "येते की" म्हणायची, आणि फोन ठेवला की कागदांची पिशवी काढून बसायची.

पडद्यावर तिरंग्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पंधरा दिवसांत पासपोर्ट, घरबसल्या. अडीच हजार रुपये दिलेल्या खात्यात भरा आणि सगळी कागदपत्रं ईमेलनं पाठवा. खाली फोन नंबर होता. सुवर्णानं मोबाइल स्पीकरवर टाकून तो लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"नमस्कार मॅडम, बोला मॅडम."

मॅडम कोण म्हणून कलाबाईनं मागे वळून पाहिलं.

"आजच पैसे भरा मॅडम, लगेच फॉर्म पुढे सरकवतो. अडीच हजार फक्त."

"दोन हजार करा," कलाबाई फोनवर वाकून म्हणाली.

सुवर्णाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "आई, ही सरकारी फी आहे. इथं असं नसतं करायचं." पण बाईचा इलाज नव्हता. उभा जन्म बाजारात गेलेला. लेकीच्या लग्नात तिनं भटजींशीसुद्धा घासाघीस केली होती.

"चालेल मॅडम," फोनमधला म्हणाला. "तुमच्यासाठी दोन हजार."

सुवर्णा खुलली. पाचशे वाचले की. कलाबाईचा चेहरा मात्र उतरला.

"अठराशे," ती हळूच म्हणाली.

"ठीक आहे मॅडम, अठराशे. पण आजच भरा हं."

कलाबाईनं हात लांब करून लाल बटण स्वतःच दाबलं.

"अहो आई, काय केलंत हे?" सुवर्णा आता खरंच चिडली. "पंधरा दिवसांत देत होते ते. एरवी किती महिने जातील कोणास ठाऊक, आणि तोवर छायाताई मोकळ्या व्हायच्या."

"मलाबी पंधराच दिवस पायजे व्हते गं." बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं टिपलं. "पण आपला झेंडू आपण आठ आण्यानं उतरवतो तवा जीव कसा तीळतीळ तुटतो? घरचा माल हाय म्हून. ह्यो बाबा सातशे रुपये सोडतो नि आवाजसुद्धा हलत नाय. त्याचा माल त्याचा नाय पोरी."

सुवर्णा पुन्हा पडद्याकडे वळली. तिनं कॅफेवाल्या ललितला हाक मारली. ललितनं पडद्यावरचा वरचा पत्ता बोटानं दाखवला. "वहिनी, सरकारी साइटचा पत्ता असा डॉट कॉमनं संपत नाही. शेवटी जीओव्ही डॉट इन लागतं. झेंडा काय, कोणीही लावतं."

सुवर्णाचे कान लाल झाले. मघाशी पडद्यावर झेंडा दिसल्यावर तिनं पत्त्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

ललितनं दुसरी साइट उघडली. अगदीच फिकी, बारीक अक्षरांची, हसरे चेहरे नाहीत की काही नाही. फी दीड हजार रुपये. कागद घेऊन दिलेल्या तारखेला स्वतः हजर राहायचं. फोन नंबर इथंही होता.

"लाव," कलाबाई म्हणाली.

"आई, ही खरी आहे. ललितभाऊंनी पाहिलंय ना."

"लाव तू."

दोनदा घंटी वाजून वाजून बंद पडली. तिसऱ्यांदा कोणीतरी उचलला. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"हं, बोला." नमस्कार नाही, मॅडम नाही.

सुवर्णानं विचारलं, पासपोर्ट हातात पडायला किती दिवस लागतील. "दीड-दोन महिने धरा. पोलिसांची चौकशी झाल्याशिवाय काही होत नाही," पलीकडचा जांभई देत म्हणाला.

सुवर्णानं बोटांवर हिशेब केला. आठवा संपायच्या आत पोचता येईल, अगदी काठावर, पण पोचता येईल. तिनं मान हलवून सासूला खूण केली. कलाबाईनं तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"साहेब, दीड हजार लय होतात. बाराशे करा."

सुवर्णानं डोळे मिटून घेतले.

"ओ बाई," पलीकडचा कडाडला, "हे काय भाजी मार्केट आहे का?"

कलाबाईनं कागदांची पिशवी सुनेच्या पुढ्यात सारली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं होतं.

"नाय ना दादा?" ती म्हणाली. "तेवढंच बघायचं व्हतं."