नऊ पडद्यांवरच्या रेघा

"खाली सही कर," बद्रीनाथ सर म्हणाले. सुकेशनीने कागद शेवटपर्यंत वाचला आणि पेनाचे टोपण परत लावले.

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात गुणवत्ता विभागाची एक पद्धत होती. दोष सापडला की छापील तक्ता भरायचा. त्यात 'का?' हा एकच प्रश्न पाच वेळा छापलेला असे. मिळालेल्या उत्तराला पुन्हा 'का?' विचारायचे आणि असे मूळ कारणापर्यंत उतरायचे. आज दोष विभागाच्याच लॅपटॉपांत होता. दसऱ्याच्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर दहांपैकी नऊ पडद्यांवर हिरव्या रेघा थरथरत होत्या. विभागप्रमुख असलेल्या बद्रीनाथ सरांनी तपास दोन ओळींत संपवला होता. पहिल्या 'का?'पुढे लिहिले होते, छेडछाड झाली. दुसऱ्यापुढे, सुकेशनीने केली. पुरावा एकच: दहावा, धडधाकट लॅपटॉप तिचा होता.

तिची वर्षभराची उमेदवारी शनिवारी संपणार होती. तिला कायम करायचे की नाही, हे सरांच्या शेऱ्यावर ठरणार होते.

"सही केलीस तर सांभाळून घेईन. नाय केलीस तर शेरा जाईल वर, जसा आहे तसा."

"जे केलं नाही, ते लिहून देणार नाही, सर."

"लई ताठा बाई," शेजारच्या टेबलावरून प्रणय म्हणाला. "पूजेतले नऊ गेले आन् पूजेबाहेरचा ठणठणीत. मग काय देवानं बिघडवले?"

"देवाला कशाला मध्ये ओढतोस? मी चार दिवस इथं नव्हते. दसऱ्याला आईबरोबर बुद्धलेणीवर होते. फाटकावरची वही बघ."

"मग कोणी केलं?"

"बॅटरीनं."

खंडेनवमीला विभागात यंत्रांची पूजा झाली होती. लांब टेबलावर लॅपटॉप उघडून मांडले होते आणि प्रत्येक पडद्यावर देवीचे चित्र लावले होते. चित्र मावळू नये म्हणून पडदा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकली होती. आरतीच्या फोटोत वायरी दिसू नयेत म्हणून चार्जरही काढले होते. पूजलेल्या यंत्राला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, या रिवाजानुसार सगळे दार लावून घरी गेले. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत ती नऊ चित्रे रिकाम्या खोलीत उजळत राहिली असणार.

'असणार' म्हणजे पुरावा नव्हे, हे सुकेशनीला ठाऊक होते.

तिने स्वतःचा लॅपटॉप टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यात अकरा टक्के चार्ज होता. तिने चार्जर काढला, बाकीच्यांवर केले होते तेच बदल केले आणि पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला.

"हा आत्ता चांगला आहे. सगळ्यांनी बघून घ्या. याच्यावर रेघा आल्या नाहीत, तर मी सही करते."

पस्तीस मिनिटांनी पडदा काळा झाला. तिने चार्जर जोडून बटण दाबले. पडदा उजळला, आणि त्यावर हिरव्या रेघा थरथरू लागल्या.

"घ्या! हिचाबी गेला," प्रणय हसला. मग हसण्याचे कारण आपल्या बाजूचे नाही, हे त्याच्या लक्षात आले.

सुकेशनीने चार्जर पुन्हा काढला आणि सुरू करायचे बटण दाबून धरले. "आत थोडा विद्युतभार अडकून राहतो. तो निघून जायला हवा. मावशी, तीसपर्यंत मोजा."

विभागात झाडलोट करणाऱ्या आवडाबाई मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि मोठ्याने आकडे मोजले. तीसला सुकेशनीने बोट उचलले, चार्जर जोडला, लॅपटॉप सुरू केला. पडदा स्वच्छ होता.

"गेल्या की गं रेघा!" मावशी म्हणाल्या.

"एकावरून काही सिद्ध होत नाही," सुकेशनी म्हणाली आणि दुसरा लॅपटॉप ओढला. मावशींनी आणखी नऊ वेळा तीसपर्यंत मोजले. आठ पडदे स्वच्छ झाले. प्रणयचा झाला नाही. "याचं कारण वेगळं असेल. ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

सरांनी तक्ता उचलून खिशात घालायला घेतला. "झालं तर मग. विषय संपला. शेरा चांगला देतो मी तुझा."

"तक्त्यात माझं नाव आहे, सर. तपास पूर्ण करू. पद्धत तुम्हीच शिकवलीत."

सरांनी नवा तक्ता घेतला. रेघा का आल्या? बॅटरी पूर्ण उतरली. का उतरली? पूजेत पडदे चालू ठेवून चार्जर काढले. इथवर त्यांनी भराभर लिहिले.

"तिसरा," सुकेशनी म्हणाली. "मग दहावा का वाचला?"

"पूजेत नव्हता," सर पुटपुटले आणि तेही लिहिले. मग चौथ्या 'का?'पाशी त्यांचे पेन थांबले.

"लिहा ना, सर," ती म्हणाली. आवाज दारापर्यंत ऐकू जाईल एवढा होता. "मी पुसून आणला होता. तुम्ही म्हणालात, तुझा इथं नको."