एकोणिसावा फोटो

सातवा फोटो संपायला चाळीस सेकंद उरले असताना आत बाळ रडलं.

ती मागच्या अंगणात गवतावर उभी होती. दुर्बीण लाकडी फळ्यांच्या ओट्यावर. फोटो चालू असताना ओट्यावर पाय ठेवायचा नाही, हा तिचाच नियम. फळी हलली की तारे हलतात. बाळंतपणानंतर दुर्बीण आज पहिल्यांदा बाहेर आली होती. मरता मरता एका ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूचं कडं तिला टिपायचं होतं. तीन-तीन मिनिटांचे वीस फोटो एकावर एक रचले, तरच ते नीट उमटणार. उद्यापासून चंद्र आड येत होता, आणि तो हटायच्या आत तिची रजा संपत होती.

तिने बाळाला बाहेर आणलं. ते खांद्यावरच झोपायचं, तेही तिने उभं राहिलं तर. दर फोटोनंतर भिंगावरचं दव पुसावं लागे, आणि ओट्यावर चढ-उतर केली की बाळ डोळे उघडणार. म्हणून आठव्यापासून ती वरच थांबली. खांबासारखी. पापणीसुद्धा जपून हलवत.

सोळाव्या फोटोनंतर नवरा पाणी प्यायला उठला आणि दाराशी आला.

"दे इकडे त्याला. काय गं, तुझा तारा मेला की नाही अजून?"

"कधीच मेलाय."

"मग घाई कसली? आत ये की."

"चारच राहिलेत."

तो बाळाला घेऊन आत गेला. खांदा एकदम गार पडला. ती खाली उतरली नाही; खांब व्हायला आता जमलं होतं.

अठरावा झाल्यावर तिने लॅपटॉपवर सगळे ओळीने पाहिले. पहिल्या सातांत तारे टाचणीच्या डोक्यासारखे गोल. आठव्यापासून प्रत्येक ताऱ्याची बारीक नागमोडी रेघ. म्हणजे ती उभी नव्हतीच, झुलत होती. बाळ होतं ना खांद्यावर, तिने मनाशी म्हटलं, आणि सतरावा उघडला. मग अठरावा.

रेघा तशाच.

एकोणिसावा सुरू झाला होता. आता उतरायचं म्हटलं तरी फळी हलणार. तिने हाताची घडी घातली, पाय घट्ट रोवले, श्वास धरला.

पायाखालची फळी एका लयीत करकरत राहिली.